आधी गोदाम, मग ताट

१९७२ च्या दुष्काळात मी सात वर्षांची होते. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी यायची. तिची भाकरी माझ्या घशाखाली उतरत नसे. ताटात तुकडा राहिला की आजी म्हणायची, "माणसं अन्नावाचून मेलीत गं, आणि तू टाकतेस?" एकदा मी तिला विचारलं, "मग हा तुकडा त्यांना पाठवू या का?" मी उलट उत्तर दिलं नव्हतं, मला खरंच जाणून घ्यायचं होतं. आजीला ते कळलं असावं, कारण ती रागावली नाही. गप्प झाली. १९४३ साली गिरगावातल्या एका चाळीत तिने नवा संसार मांडला होता. हे पुढे कळलं तेव्हा तिच्या त्या गप्प होण्याचा अर्थ मला लागायला लागला.

वाचवलेला घास जातो कुठे? प्रत्येक घरात एखादं मूल हे विचारतंच, आणि एरवी त्याला खरं उत्तर नसतं. मी ताट पुसून जेवले म्हणून मेळघाटातल्या पोराच्या पोटात काही पडत नाही. पण गेल्या शतकातल्या दोन महायुद्धांत काही सरकारांनी भिंतीभिंतीवर पोस्टरं लावून या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं: घास इथून जातो, या वाटेने जातो, अमक्याच्या तोंडात पडतो. काही ठिकाणी ते उत्तर खरं होतं, काही ठिकाणी साफ खोटं. आज 'अन्न हे पूर्णब्रह्म, ताटात टाकू नका' अशा पाट्या मंगल कार्यालयांपासून शाळेच्या भिंतींपर्यंत सगळीकडे दिसतात. म्हणून त्या जुन्या पोस्टरांकडे मला नीट बघावंसं वाटतं. अन्न वाचवा असं लोकांना सांगण्याचा अधिकार सरकारला आपोआप मिळत नाही, तो आधी कमवावा लागतो, असं माझं म्हणणं आहे.

सुरुवात १९१७ च्या ब्रिटनपासून करते. त्या देशात खाल्ल्या जाणाऱ्या गव्हाचे पाचापैकी चार हिस्से समुद्रापलीकडून येत. फेब्रुवारीत जर्मनीने ठरवलं की वाटेत दिसेल ते जहाज इशारा न देता बुडवायचं. एकट्या एप्रिल महिन्यात आठ लाख टनांहून अधिक क्षमतेची जहाजं तळाला गेली. त्या काळातलं एक ब्रिटिश पोस्टर सांगतं: पाव वाया घालवू नका, रोज दोन जाड काप वाचवा आणि यू-बोटीला, म्हणजे जर्मन पाणबुडीला, हरवा. आज वाचताना हे अतिशयोक्त वाटतं. पण यात हिशेब आहे. घरोघरी दोन काप कमी खाल्ले तर तेवढा गहू कमी आणावा लागतो. गहू कमी आणायचा तर जहाजांच्या फेऱ्या कमी होतात, आणि फेऱ्या कमी झाल्या की बुडणारे खलाशीही कमी होतात. माझ्या सात वर्षांच्या प्रश्नाला इतकं सरळ उत्तर मला दुसरीकडे कुठे सापडलेलं नाही. स्वयंपाकघरातली सुरी आणि अटलांटिकमधलं जहाज यांच्यामध्ये खरोखरीची दोरी बांधलेली होती, आणि पोस्टर त्या दोरीकडे बोट दाखवत होतं.

अमेरिका एप्रिल १९१७ मध्ये युद्धात उतरली. ऑगस्टमध्ये तिथे अन्न प्रशासन उभं राहिलं. त्याचा प्रमुख हर्बर्ट हूव्हर याने त्याआधी बेल्जियममधल्या उपाशी जनतेसाठी धान्य पोचवण्याचं काम केलं होतं. सक्तीचं घरगुती रेशनिंग न आणता लोकांच्या राजीखुशीने काम करून घ्यायचं असं त्याने ठरवलं. मंगळवारी मांस नाही, बुधवारी गहू नाही. 'अन्न युद्ध जिंकेल' ही घोषणा. स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याकडे पाहणाऱ्या नव्या स्थलांतरितांचं एक चित्र होतं. त्याखाली लिहिलं होतं की तुम्ही इथे स्वातंत्र्य शोधत आलात, आता ते राखायला मदत करा. मित्रराष्ट्रांना गहू हवा आहे, काही वाया घालवू नका. हे पोस्टर यिद्दिश, इटालियन अशा भाषांतही छापलं गेलं, म्हणजे ज्याला सांगायचं त्याच्या भाषेत सांगितलं. आणखी एका साध्या पोस्टरवर फक्त सहा सूचना होत्या: विचार करून विकत घ्या, जपून शिजवा, गहू आणि मांस कमी वापरा, जवळपास पिकलेलं घ्या, पुरेल एवढंच वाढा, उरलेलं वापरा. ते आजही लोक एकमेकांना पाठवतात. शंभर वर्षांपूर्वीची माणसं किती शहाणी होती, असं त्याखाली लिहिलेलं असतं.

शहाणपण होतंच. पण त्या कागदाची मागची बाजू कुणी पाठवत नाही. हूव्हरच्या खात्याने पोस्टरं छापली, त्याच महिन्यांत सरकारी धान्य महामंडळ काढून गव्हाला बुशेलमागे २ डॉलर २० सेंट असा भाव बांधून दिला. त्या वर्षी बाजारात चढलेल्या भावाच्या मानाने शेतकऱ्यांना तो कमी वाटला आणि त्यांनी कुरकुरही केली. तरी पेरणीला उतरणाऱ्याला एक गोष्ट पक्की माहीत होती: पिकलेलं मातीमोल जाणार नाही. गिऱ्हाइकाला 'कमी खा' म्हणणारं सरकार शेतकऱ्याला 'जास्त पिकव, मी घेतो' असंही सांगत होतं. त्या सहा सूचना या सातव्या, न छापलेल्या कलमावर उभ्या होत्या.

ही पोस्टरं मला सरसकट आवडतात असं मात्र नाही. 'स्वयंपाकघर ही विजयाची किल्ली आहे' असं ब्रिटनचं एक पोस्टर म्हणत होतं. किल्ली जिच्या हातात, त्या बाईला तेव्हा मताचा हक्क नव्हता. तिशी ओलांडलेल्या काही ब्रिटिश स्त्रियांना तो हक्क फेब्रुवारी १९१८ मध्ये मिळाला, अमेरिकेत देशभरच्या स्त्रियांना १९२० मध्ये. म्हणजे युद्ध करायचं की नाही हे जिला कुणी विचारलं नाही, तिच्या पिठाच्या डब्यावर मात्र युद्धाची जबाबदारी आली. अमेरिकेत घरोघरी जाऊन बायकांकडून शपथपत्रं भरून घेतली जात, आणि शपथ घेतलेल्या घराने तसं कार्ड खिडकीत लावायचं. ज्या खिडकीत कार्ड नाही त्या घराकडे गल्ली कोणत्या नजरेने बघत असेल, हे चाळीत वाढलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. काटकसरीची आज्ञा नेहमी घरातल्या सर्वांत खालच्या हातापर्यंत घरंगळत येते. सगळ्यांत शेवटी जेवणारी, उरलंसुरलं पोटात घालणारी बाई कोणत्याही सरकारने सांगायच्या आधीपासून वाचवतच असते.

शिवाय नुसत्या विनवणीला मर्यादा असते. मे १९१७ मध्ये राजा पंचम जॉर्जने जाहीरनामा काढून प्रजेला पाव निदान एक चतुर्थांशाने कमी खायला सांगितलं. चर्चमधून लागोपाठ रविवारी तो वाचला गेला. पण खाणीत उतरणाऱ्या मजुराचं सगळं पोट पावावरच भरत होतं. त्याने चौथा हिस्सा सोडून काय खावं? ज्यांना मासे, अंडी, भाज्या परवडत होत्या त्यांनाच हे शक्य होतं. जाहीरनाम्याचा खरा रोखही त्यांच्याकडेच होता, पण कागद सगळ्यांसाठी एकच होता. हिवाळ्यात दुकानांपुढे रांगा लागल्या, तेव्हा सरकारला कळून चुकलं की भित्तीपत्रकाने पोट भरत नाही. सप्टेंबर १९१७ पासून सरकारने पैसे घालून चार पौंडांचा पाव नऊ पेन्सवर बांधून ठेवला होता. १९१८ मध्ये साखर, मांस, लोणी यांचं रेशनिंग आलं. राजालाही रेशनकार्ड मिळालं. रांगा ओसरल्या त्या यानंतर.

हा धडा ब्रिटन विसरलं नाही, आणि म्हणून दुसऱ्या महायुद्धातली तिथली गोष्ट मला सर्वांत जास्त शिकवणारी वाटते. ८ जानेवारी १९४० ला रेशनिंग सुरू झालं. पोस्टरांची खरी बहार त्यानंतर आली. एप्रिलमध्ये लॉर्ड वुल्टन अन्नमंत्री झाले. दुकानांचा मोठा कारभार सांभाळलेला हा माणूस होता. गिऱ्हाईक कशाने चिडतं हे त्याला आतून माहीत होतं. 'विजयासाठी खणा' म्हणत लोकांनी बागा, मैदानं, रेल्वेच्या कडेच्या पट्ट्या खणल्या आणि बटाटे-कोबी लावले. बटाट्याला टोपी घालून 'पोटॅटो पीट' केलं, गाजराचा 'डॉक्टर कॅरट' केला. गाजर खाल्लं की ब्लॅकआऊटमध्ये, म्हणजे बॉम्बच्या भीतीने दिवे मालवलेल्या अंधारात, जास्त दिसतं, असंही लोकांच्या मनावर ठसवलं. ते खोटं होतं, आणि खोटं ते खोटंच म्हणायला हवं, हेतू कितीही चांगला असला तरी. पण बटाटाच का, गाजरच का? कारण ते देशात पिकत होते, त्यांना जहाज लागत नव्हतं. इथेही चित्रामागे हिशेब होता.

आणि या सगळ्या रंगीत कागदांच्या मागे काय उभं होतं ते बघा. जुलै १९४० पासून पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला आणि गरोदर बाईला रोज एक पाइंट दूध दोन पेन्समध्ये, आणि ज्यांना तेही परवडत नाही त्यांना फुकट. पुढच्या वर्षअखेरीला लहान मुलांसाठी संत्र्याचा रस आणि कॉड माशाचं तेल. नगरपालिकांनी चालवलेल्या स्वस्त खाणावळी. १९४२ मध्ये हॉटेलातल्या जेवणाला पाच शिलिंगांची कमाल मर्यादा, मग हॉटेल कितीही बडं असो. पाव आणि बटाटा युद्ध संपेपर्यंत रेशनमध्ये आणलेच नाहीत, म्हणजे भूक लागली तर पोट भरायला काहीतरी मोकळं होतं. काळाबाजार झाला, श्रीमंतांनी पळवाटा काढल्या, रांगेतल्या बायका कंटाळल्या, हे सगळं खरं. तरी बॉम्ब पडत असलेल्या त्या देशात युद्ध संपताना बालमृत्यूचं प्रमाण युद्धाआधीपेक्षा कमी होतं. गरिबाच्या मुलाला शांततेत मिळालं नव्हतं ते दूध युद्धात मिळालं.

अशा ठिकाणी 'वाया घालवू नका' या शब्दांना वजन येतं. १९४० पासून तिथे अन्नाची नासाडी हा गुन्हा होता. लंडनजवळच्या बार्नेटमध्ये १९४३ च्या जानेवारीत घरातला पाव पक्ष्यांना घातला म्हणून एका बाईला दंड झाला. मला तो कठोर वाटतो. चिमण्यांना कुस्करा घालणारा हात शत्रूचा नसतो. पण त्या न्यायालयाला ती शिक्षा देण्याचा अधिकार नव्हता, असं म्हणायला मी धजत नाही. तिच्या शेजारणीच्या तान्ह्या मुलाचं दूध तेच सरकार दारात पोचवत होतं.

युद्ध संपल्यावर, जुलै १९४६ मध्ये, तिथे पावावरही रेशन आलं. दुष्काळी जगात, हरलेल्या जर्मनीतल्या ब्रिटिश ताब्यातल्या मुलखातही धान्य पाठवायचं होतं. लोक संतापले, आणि दोन वर्षं चिडत-चिडत त्यांनी ते निभावलं. घास खरंच पाठवला गेला, तोही कालच्या शत्रूला.

काटकसर हा स्वतःहून सद्गुण नाही, हे जर्मनीकडे बघून कळतं. नाझींनीही 'नासाडीविरुद्ध लढा' म्हणत पोस्टरं लावली होती, आणि १९३३ पासूनच ठराविक रविवारी सगळ्यांनी एकाच भांड्यातलं साधं जेवण जेवावं, वाचलेले पैसे मदतनिधीला द्यावेत, अशी चळवळ चालवली होती. चित्रं पाहिली तर आपल्याकडच्या सप्ताहातल्या पंगतीसारखी वाटतील. १९४१ मध्ये त्याच राजवटीच्या अन्नखात्याने सोव्हिएत प्रदेशातलं धान्य ओढून आणायचं आणि तिथल्या कोट्यवधी माणसांना भुकेने मरू द्यायचं, अशी योजना कागदावर मांडली. पातेल्याच्या तळाला लागलेलंही खरवडून घ्या म्हणणारा आणि दुसऱ्याचं कोठार रिकामं करणारा, दोघे एकच होते.

आता आपल्याकडे येते. लंडनमध्ये वुल्टन मुलांना दूध पाजत होते तेव्हा त्याच लंडनचं राज्य आपल्यावर होतं. १९४२ मध्ये ब्रह्मदेश पडला आणि रंगूनचा तांदूळ थांबला. जपानी आले तर त्यांच्या हाती काही लागू नये म्हणून बंगालच्या किनारपट्टीतला तांदूळ सरकारने उचलला, हजारो नावा काढून घेतल्या. नाव गेली तिथे मासेमारी, शेतावर जाणं, बाजार, सगळंच गेलं. ऑक्टोबरमध्ये मेदिनीपूरला चक्रीवादळाने झोडपलं. आणि याच वर्षी सरकारने 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम काढली. १९४१ च्या जनगणनेत या देशात सोळा टक्क्यांच्या आसपास लोकांना लिहिता-वाचता येत होतं. भिंतीवरचा कागद वाचणार कोण? ज्याला वाचता येत होतं त्याच्या घरी बहुतेक वेळा दाणा होता. ज्याच्या घरी दाणा नव्हता त्याला कागद मुका होता. अमेरिकेने यिद्दिशमध्ये पोस्टर छापलं ते आठवलं की हे जास्तच लागतं.

पण माझा आक्षेप भाषेचा नाही, मागच्या बाजूचा आहे. कलकत्त्यात युद्धाला लागणाऱ्या कारखान्यांच्या आणि कचेऱ्यांच्या नोकरांसाठी तांदळाची वेगळी सोय झाली. त्यांना 'प्राधान्याचे' लोक म्हणत. म्हणजे उरलेले प्राधान्याचे नव्हते. १९४३ च्या वसंतात, भाव आभाळाला भिडलेले असताना, प्रांतात धान्य पुरेसं आहे, तुटवडा नाही, असा प्रचार सरकार करत राहिलं. मग दोष साठेबाजांवर आला, आणि जूनमध्ये गावोगाव घरं तपासून लपवलेलं धान्य शोधण्याची मोहीम निघाली. कलकत्ता आणि हावडा तिच्यातून वगळले होते. जिथे सर्वांत मोठी गोदामं होती तीच दोन शहरं सोडून खेड्यातल्या कणग्यांत हात घातले गेले. दुष्काळात सरकारने काय करायचं हे ठरवणारी दुष्काळ संहिता होती, पण तिच्यानुसार दुष्काळ म्हणून काही जाहीर झालंच नाही. धान्यासाठी जहाजं द्या म्हणून दिल्लीहून लंडनकडे विनंत्या गेल्या, आणि मागितलं त्याच्या मानाने फार थोडं मिळालं. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा अंदाज पंधरा लाख धरला. पुढच्या अभ्यासकांनी तो वीस ते तीस लाखांपर्यंत नेला. एकाच साम्राज्यात, एकाच युद्धात, पक्ष्यांना घातलेल्या पावाचा हिशेब ठेवणारी माणसं होती आणि या माणसांचा हिशेब कुणी ठेवला नाही.

याच सरकारच्या हाताखाली मुंबईत मात्र वेगळं घडलं, आणि मला सर्वांत महत्त्वाचा पुरावा तोच वाटतो. मे १९४३ मध्ये मुंबई शहरात रेशनिंग सुरू झालं. प्रांतभर सरकारने स्वतः धान्य खरेदी करायला घेतलं, एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात ते हलवायचं काम हातात ठेवलं. विजापुरात अवर्षण होतं, तिथे दुष्काळी कामं काढली. मुंबई इलाखाही तुटीचाच प्रदेश होता, तांदळासाठी ब्रह्मदेशावर अवलंबून असलेला. पण इथे बंगालसारखे रस्त्यावर प्रेतांचे खच पडले नाहीत. आजीच्या तोंडून मी ऐकलंय: कोकणातून आलेल्या भातखाऊ घरात कार्डावर बाजरी आणि गहू यायचा, बाजरीची भाकरी थापायला ती शेजारच्या घाटावरच्या बाईकडून शिकली, धान्यात खडे इतके की दुपार निवडण्यात जायची. "पण मिळायचं," असं म्हणून ती थांबायची. या 'मिळायचं'साठी पोस्टर लागलं नव्हतं. कार्ड लागलं, दुकान लागलं, आणि दुकानात खरोखर पोतं असावं लागलं.

बंगालमध्ये काय चाललंय ते लोकांना कळलं तेही सरकारी कागदांतून नाही. ऑगस्ट १९४३ मध्ये कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'ने, संपादक इयन स्टीफन्स यांच्या हिमतीवर, रस्त्यावर मरणाऱ्या माणसांची छायाचित्रं छापली. चित्तप्रसाद नावाचा तरुण चित्रकार मेदिनीपूरमध्ये पायी फिरला आणि त्याने काळ्या शाईत जे पाहिलं ते उतरवलं. त्या रेखाटनांच्या पुस्तिकेच्या पाच हजार प्रती सरकारने जप्त करून नष्ट केल्या. पुढे हा चित्रकार मुंबईत आला आणि अंधेरीत वर्षानुवर्षं राहिला. मुंबईतच १९४३ मध्ये इप्टा ही नाट्यकलावंतांची संघटना जन्माला आली, आणि तिची पथकं बंगालसाठी गाऊन पैसे गोळा करू लागली. अण्णा भाऊ साठ्यांनी बंगालच्या भुकेवर पोवाडा रचला. गिरणगावातले कामगार, ज्यांचं स्वतःचं रेशन पुरत नव्हतं, ते आणे-दोन आणे टाकत. आजीनेही असेच काही पैसे दिले होते. ते पोचले का, हे तिला कधीच कळलं नाही. मी भाकरीचा तुकडा पाठवायचं विचारलं तेव्हा ती का गप्प झाली असेल, याबद्दलचा माझा अंदाज हा असा आहे.

चित्र म्हणून बघितलं तर सरकारी पोस्टर आणि चित्तप्रसादची रेखाटनं दोन्ही एकाच विषयावरची: अन्न नाही. एकात नागरिकाला काय करायचं ते सांगितलंय, दुसऱ्यात सरकारने काय केलं नाही ते दाखवलंय. पहिलं लाखांनी छापलं जातं आणि दुसरं जाळलं जातं, तेव्हा समजावं की पहिल्याची मागची बाजू कोरी आहे.

कुणी म्हणेल, एवढं कशाला, अन्न वाया घालवू नये हे सांगायला अधिकार कसला लागतो? घरात लागत नाही. माझ्या आजीला लागत नव्हता. तिने स्वतः शिळ्या भाकरीचा कुस्करा खाऊन मला ताजी वाढली होती. आईबापांनी, गुरुजींनी, कीर्तनकाराने जरूर सांगावं. मी स्वतः उरलेला भात फोडणीला टाकते, आणि भाजीचे देठ फेकताना मला अजून चुकल्यासारखं होतं. सरकारची गोष्ट वेगळी आहे. कर, कायदा, गोदाम आणि आगगाडी ज्याच्या हातात, त्याने 'तुम्ही कमी खा' म्हणायच्या आधी आपल्या हातातलं काय केलं ते दाखवावं. समर्थांच्या शब्दांत, आधी केले, मग सांगितले.

लालबहादूर शास्त्रींना लोकांनी ऐकलं ते यामुळे. १९६५ मध्ये एकीकडे पाकिस्तानशी युद्ध, दुसरीकडे अवर्षण, आणि गव्हाच्या जहाजांचा नळ अमेरिकेच्या हातात. सोमवारी संध्याकाळचं जेवण सोडा, असं त्यांनी देशाला सांगितलं. आधी स्वतःच्या घरात एक वेळ उपास करून पाहिला, असं सांगतात. आमच्या घरी तो सोमवार पुढेही कित्येक वर्षं पाळला गेला, शंकराचा आणि शास्त्रींचा मिळून एकच. इतकं साधं, इतकं सच्चं आवाहन आपल्या राजकारणात मला दुसरं आठवत नाही. पण तेवढ्याने देश जेवला नाही. त्याच वर्षीच्या जानेवारीत अन्न महामंडळ उभं राहिलं, शेतमालाच्या भावांसाठी आयोग नेमला गेला, आणि अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम यांच्या काळातच, १९६६ मध्ये, मेक्सिकोहून अठरा हजार टन गव्हाचं बियाणं आलं. उपासाने लोकांच्या मनाची तयारी झाली, पोट भरलं ते गोदामाने आणि बियाण्याने. शास्त्रींनी दोन्ही हात वापरले. आपण फक्त उपासाची आठवण काढतो.

आणि म्हणून आजच्या पाट्यांनी मी अस्वस्थ होते. एप्रिल २०१७ मध्ये तेव्हाचे केंद्रीय अन्नमंत्री रामविलास पासवान यांनी हॉटेलात किती वाढावं यावर सरकारने नियम करावा असं सुचवलं होतं. गाजावाजा झाला आणि विषय मागे पडला. लग्नातल्या पंगतींवर दंड लावा, ही मागणी तर दर हंगामात उठते. लग्नात होणारी नासाडी पाहून मलाही चीड येते. पण ज्या नाशिक जिल्ह्यात एखाद्या वर्षी भाव पडला म्हणून शेतकरी उभ्या कोबीवर रोटाव्हेटर फिरवतो आणि टोमॅटोचे कॅरेट रस्त्यावर ओततो, त्या जिल्ह्यातल्या मंगल कार्यालयात पाहुण्याच्या ताटावर पहारा ठेवायचा? हूव्हरच्या पोस्टरामागे २ डॉलर २० सेंट होते. आमच्या पाटीमागे कोबीला काय आहे? कांदा साठवणीच्या चाळीत सडतो तेव्हा ती नासाडी नसते का? आणि पाहुण्याने टाकलेली जिलबी तेवढी नासाडी?

वाटपाच्या बाजूला २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आहे, आणि मी त्याला फार मोठी गोष्ट मानते. माणशी महिन्याला पाच किलो धान्याचा तो हक्क आहे, भीक नाही. पण त्यातल्या माणसांची गणती अजून २०११ च्या जनगणनेवर टेकलेली आहे. त्यानंतर जन्मलेलं, लग्न होऊन आलेलं, ऊस तोडायला गाव सोडलेलं कितीतरी माणूस यादीच्या बाहेर उभं आहे. त्याच्यापर्यंत घास पोचायची दोरी अजून बांधायची आहे. ती बांधली जात असेल, तर मला पाच शिलिंगांसारखी मर्यादाही मान्य आहे, पंगतीवरचा दंडही मान्य आहे, आणि खिडकीत कार्ड लावायलाही मी तयार आहे. बांधली जात नसेल, तर माझ्या ताटाकडे बोट दाखवू नका.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंबरोबर मागच्या महिन्यात मी त्यांच्या रेशन दुकानात गेले होते. त्यांच्या सुनेचं नाव कार्डावर चढवायचं दोन वर्षं राहिलंय. दुकानाच्या भिंतीवर नव्या रंगात हात, कणीस आणि 'अन्न वाचवा' असं छान अक्षरात रंगवलेलं होतं. शेजारी नियमाप्रमाणे टांगलेला काळा फळा होता: गहू, तांदूळ, आलेला साठा, वाटप, शिल्लक. खाली एकही आकडा नव्हता. ताईंना अक्षरं लावून वाचता येतात. त्यांनी आधी भिंत वाचली, मग फळा वाचला, आणि अंगठा यंत्रावर ठेवण्याआधी दुकानदाराला विचारलं, "दादा, शिल्लक किती आहे ते इथं लिहा ना."